जुनी स्टेशन वॅगन घरी सांभाळताना: सुरुवात डिकीकडून

टाटा इस्टेट, बलेनो आल्टुरा, इंडिगो मरिना. आपल्याकडे स्टेशन वॅगन आल्याच मोजक्या, आणि यातली एकही आता नवी मिळत नाही. अशी गाडी घरी दुरुस्त करायची तर एक हिशेब आधी मांडून ठेवा. पुढच्या अर्ध्या गाडीचे बहुतेक सुटे भाग तिच्याच भावंड गाडीचे असतात. मरिनाला इंडिका-इंडिगोचा माल चालतो आणि आल्टुराला बलेनो सेडानचा. होज, ब्रेक पॅड, फिल्टर, इंजिन माउंटिंग यांच्यासाठी नाशकात फार वणवण करावी लागत नाही. डिकीचे दार, तिची काच, बीडिंग (दाराच्या कडेची रबरी पट्टी), टेललाइट आणि मागचा पत्रा मात्र फक्त वॅगनचाच असतो. तो गेला की भंगारबाजार पालथा घालायचा. म्हणून बॉनेट उघडण्याआधी डिकी उघडा.

दार उघडे राहत नसेल तर दोष गॅस स्ट्रटचा. गॅरेजमध्ये त्याला डिकीचा शॉक म्हणतात. दार भक्कम लाकडी दांड्याचा टेकू देऊन धरा, सोबत एक माणूस हवाच. स्ट्रटच्या टोकाची स्प्रिंग क्लिप बारीक स्क्रू ड्रायव्हरने थोडी उचलली की तो बॉलवरून सुटतो. नवा बसवताना दार बंद असताना बारीक दांडी खालच्या बाजूला येईल असा बसवा, म्हणजे आतले तेल सीलवर राहते आणि सील सुकत नाही. नेमका स्ट्रट मिळाला नाही तर चार गोष्टी लिहून न्या: पूर्ण उघडलेली लांबी, मिटलेली लांबी, टोकाच्या जोडाचा प्रकार आणि नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा. हे जुळले तर दुसऱ्या गाडीचाही चालतो. जोडीनेच बदला, नाहीतर दार पिळले जाते आणि कडेला बीडिंग दबत नाही. जुना स्ट्रट कापू नका, तापवू नका. आत मोठ्या दाबाखाली गॅस असतो.

मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा आणि काचेचा डीफॉगर आलटून पालटून बंद पडत असतील तर फ्यूजच्या मागे लागण्याआधी बिजागरीजवळची रबरी नळी पाहा. दार हजारो वेळा उघडल्यावर तिच्यातल्या वायरी आतून तुटतात, पण वरचे प्लास्टिक शाबूत दिसते. नळी सरकवा आणि एकेक वायर हलके ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आतले तांबे तुटले आहे. तुटलेल्या जागीच जोड देऊ नका, तो पुन्हा वाकतो आणि महिनाभरात तुटतो. त्याच जाडीच्या, अनेक बारीक तारांच्या मऊ वायरचा २० ते २५ सेंटिमीटरचा तुकडा घाला, म्हणजे एक जोड छताच्या आत आणि दुसरा दाराच्या आत येईल. जोड सोल्डर करून हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. सगळे जोड एकाच ठिकाणी आले तर नळीत गाठ होते, म्हणून दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे ठेवा. नुसती काळी टेप एक पावसाळाही धरत नाही.

आता पाणी. स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचणे हा जवळजवळ प्रत्येक जुन्या वॅगनचा रोग, आणि बोट मात्र दरवेळी बीडिंगकडे दाखवले जाते. पाणी टेललाइटच्या गॅस्केटमधून, छतावरच्या रेलच्या स्क्रूंमधून किंवा मागच्या काचेला पाणी नेणाऱ्या वॉशरच्या फुटक्या नळीतूनही येते. शोध असा घ्या: मागची सीट पाडा, कार्पेट काढा, आतला पत्रा कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर साधा पाइप घेऊन. पाणी खालून वर सरकवत न्या: आधी बंपरची रेघ, मग टेललाइट, मग दाराची कड, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटे थांबा. वरून सुरुवात केली तर सगळीकडून पाणी ओघळते आणि काहीच कळत नाही. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप इथे नको; तो चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत ढकलतो.

बीडिंग खरेच गेली आहे का हे कागदावर कळते. दारात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे दाब नाही. दरवेळी नवी बीडिंगच लागते असे नाही, कधी कधी लॉकचा कोंडा एक-दोन मिलिमीटर आत सरकवून काम भागते. हे टाळू नका, कारण वॅगनच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सैल बीडिंगमधून सायलेन्सरचा धूर केबिनमध्ये ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी थांबल्याशिवाय गंजाला हात लावू नका. खळग्यातली, दाराच्या खालच्या शिवणीतली आणि मागच्या चाकावरच्या कमानीतली जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. खणखणीत वाजले तर वरवरचा गंज. भदभदीत वाजले किंवा टोक आत गेले तर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल. ते गॅरेजचे काम, कारण पेट्रोल टाकी आणि तिची नळी मागेच असते. वरवरच्या गंजासाठी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर लावले तर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, शिवणीत सीम सीलर, मग रंग. उघड्या गंजावर थेट लांबी (पुट्टी) भरणे ही पैशाची नासाडी: लांबी ओल शोषते आणि दोन वर्षांत फुगून पापुद्रा सुटतो. हे काम फेब्रुवारी ते मे दरम्यान उरकावे. जुलैत त्र्यंबक रोडवरची दमट हवा अंगणात असताना प्रायमरखाली ओल कोंडली जातेच. खळग्यातले ड्रेनचे रबरी बूच वर्षातून एकदा काढून छिद्र मोकळे करा.

मागच्या स्प्रिंगा

वॅगन मिळाली की माणूस तिच्यात द्राक्षांचे क्रेट भरतोच. गाडी सपाट जागी, रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू दीड सेंटिमीटरहून जास्त बसलेली असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा तिचा शेवटचा वेढा तुटला आहे. वेढा रबरी सीटमध्ये लपतो, टॉर्च मारून बघा. स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर बाजारात मिळतात. गाडी उचललेली दिसते, पण त्या वेढ्यांची हालचाल थांबते आणि उरलेल्या वेढ्यांवर सगळा भार येतो. बसलेल्या स्प्रिंगेवर तो उपाय नाही. स्प्रिंगा जोडीनेच बदला, आणि ज्या रचनेत स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो ते काम कॉम्प्रेसरशिवाय करू नका.

कसारा उतरण्याआधी ब्रेक

सपाट, टणक जमीन, पुढच्या चाकांना दगड, आणि जॅकसोबत दोन्ही बाजूंना घोडी (अॅक्सल स्टँड). नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये. मग हँडब्रेक सोडा. मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम निघत नसेल तर त्याच्या तोंडावर बहुतेक वेळा आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट सारखे-सारखे कसले की ड्रम बाहेर येतो. हातोड्याचा घाव ड्रमच्या कडेवर नको. आतली धूळ फुंकू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून राहू द्या. स्प्रिंगांची जागा विसरली की संध्याकाळ गेली. लायनर दोन मिलिमीटरच्या खाली आला असेल तर बदला. व्हील सिलिंडरचे रबरी बूट बोटाने उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला आणि तेल प्यालेले लायनरही टाकून द्या. अॅडजस्टर साफ करून आट्यांना किंचित ब्रेक ग्रीस लावा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. झाकणावर डॉट ३ किंवा ४ जे लिहिले असेल तेच घाला. ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणे) करताना ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा जाऊन पहिल्यापासून सुरुवात. काही गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी गंजून अडकली तर रिकाम्या गाडीची मागची चाके लवकर लॉक होतात किंवा भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पुरेसे लागत नाहीत. दांडी हाताने हलते का ते बघा.

परतीचा चढ: कूलिंग

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, म्हणजे उघडे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरते म्हणून इंजिनातले पाणी त्याच्या बरेच पुढे जाऊनही उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर बाकी सगळे ठीक असूनही मे महिन्यात कसारा चढताना काटा वर जाईल. आधी झाकण बदला, सर्वात स्वस्त भाग तोच.

कूलंट थंड इंजिनातच काढा. तपकिरी असेल तर गंज. झाकणाखाली तेलकट साय दिसली तर आधी हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि पुढचे काम थांबवा. साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, पण भरताना बोअरचे पाणी नको, त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्या. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू भरा, फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा. होज क्लिपजवळ दाबा. भेगा दिसल्या किंवा नळी भजीसारखी मऊ लागली तर बदला.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन जास्त जाते, आणि काही इंजिनांत बायपास उघडाच राहिल्याने गरम पाणी रेडिएटरकडे कमी जाते. तपासायचा तर पातेल्यात पाण्यात टांगून तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाला, समजा ८८ ला, तो उघडायला लागला पाहिजे. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात आणि नाशिकचे पाणी त्याआधीच उकळते. म्हणून अर्धाच उघडला तरी तो बाद नाही.

मरिना आणि आल्टुरा दोन्हींत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा) आहे. तो कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असे धरा. मरिनाच्या डिझेल इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टेन्शनर आणि समोरची ऑइल सीलही त्याच वेळी बदला. पण हे पहिल्यांदाच उघडणाऱ्याने घरी करायचे काम नव्हे. काढलेले जुने ऑइल गटारात ओतू नका, ते गोदावरीतच जाते. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

राहिले टेललाइट. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवायला आरटीओत गाडी दाखवावी लागते, तिथे फुटका दिवा आधी दिसतो. काचेला तडा गेला असेल तर तड्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचे छिद्र हळू पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग आतून पारदर्शक इपॉक्सी भरा आणि गॅस्केट नवे घाला.