बधिरांच्या कट्ट्यावर नवे आहात? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ऐकू येणारा उत्साही माणूस आमच्या रविवारच्या कट्ट्यावर येतो, एका हातानं ए-बी-सी-डी करून दाखवतो आणि कौतुकाची वाट बघतो. ती मुळाक्षरं अमेरिकेची. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात. यूट्यूबवर पहिलं दिसलं ते घोकलं की असंच होणार. दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ मध्ये आला, फुकट आहे, तो बघा. मात्र समोरच्या काकांची खूण वेगळी निघाली तर "कोशात अशी नाहीये" म्हणून वाद घालू नका. ते वसतिगृहात मित्रांकडून शिकलेत, तुम्ही मोबाइलवर. मी गपचूप काकांची खूण उचलतो.

मराठी वाक्य जसंच्या तसं हातांवर उतरवू नका. आपण "तू कुठे राहतोस?" म्हणतो, खुणांत 'कुठे' शेवटी येतं. आणि चेहरा कोरा ठेवलात तर तो प्रश्न आहे हेच कळत नाही.

आता सगळ्यात वाईट चूक. ती मी स्वतः केलीय. टपरीवर चार बधिर मित्र आणि मी. ऑफिसातला एकजण गाडी थांबवून आला. आम्ही दोन मिनिटं मराठीत बोललो, खिदळलो. शेजारच्यानं विचारलं, काय झालं? मी हात झटकून 'काही नाही' केलं. त्यानं अर्धा चहा ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. पुढचे तीन रविवार माझ्याशी कामापुरतं. चौथ्या रविवारी त्यानं सांगितलं. शाळेत वर्गात खूण केली की हातावर पट्टी बसायची, बोलायलाच शिक म्हणून. (१८८० साली मिलानच्या परिषदेत ऐकू येणाऱ्या मास्तरांनी खुणा मोडीत काढल्या, त्याचं शेपूट इथवर आलं.) घरात कुणीच खुणा शिकलं नाही. जेवताना सगळे हसतात, यानं विचारलं की आई म्हणते 'नंतर सांगते'. तीस वर्षं झाली, ते 'नंतर' अजून यायचंय. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तू पण घरच्यासारखाच निघालास."

तेव्हापासून कट्ट्यावर कुणीही आलं तरी मी तोंड बंद ठेवून हातांनीच बोलतो. येणाऱ्याला समजलं नाही तर थांबेल. फोन घ्यावाच लागला तर ठेवल्यावर सांगतो: आईचा होता, सिलिंडर आलाय. विनोद फालतू असला तरी अख्खा सांगतो. फालतू आहे की नाही ते त्यांनी ठरवावं.

खूणनाव, म्हणजे तुमच्या नावाऐवजी करायची खूण, स्वतः ठरवून येऊ नका, मागूही नका. ते बधिर मंडळी देतात, तुम्हाला पुरेसं बघून झाल्यावर. मला दीड वर्षानं मिळालं: नाकावरून घसरणारा चष्मा. एका पोरानं दुसऱ्याच रविवारी हट्ट धरला. मिळालं: मनगटावर दोन टिचक्या. त्याला अजून वाटतं, त्याचं घड्याळ सगळ्यांना आवडलं.

'मूकबधिर' शाळांच्या पाट्यांवर राहू द्या, तुम्ही 'बधिर' म्हणा. दुभाष्या असेल तरी बघायचं बधिर माणसाकडे. उजेडाकडे पाठ करून बसू नका, तुमचा चेहरा काळा दिसतो. बोलणाऱ्या दोघांमधून जायचंय? सरळ जा. वाकून, थांबून सॉरी-सॉरी केलंत की तेवढा वेळ तुम्हीच भिंत. आणि तीन महिने शिकून दवाखान्यात दुभाष्या म्हणून उभे राहणाऱ्यांना मी हात जोडतो. 'दोन गोळ्या' आणि 'दोनदा गोळी' यात गोंधळ झाला तर काय होतं, ते त्यांना नाही, पेशंटला कळतं.

निघताना लांबूनच हात हलवून सटकू नका. प्रत्येकाला भेटायचं, पुढच्या रविवारचं विचारायचं. आमचा निरोप तासभर चालतो. अंधार पडला की सगळे बोलत बोलत दिव्याच्या खांबाखाली सरकतात.