रंगाला धक्का न लावता गाडीवरचे बॅज कसे काढावेत

डिकीवरचं व्हेरियंटचं नाव, शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या वेळी चिकटवलेली स्वतःच्या नावाची पट्टी, फेंडरवरचा क्रोमचा बॅज. यातलं बहुतेक सगळं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपवर बसलेलं असतं. ही टेप सरळ ओढली तर हटत नाही. गरम केली की मात्र नरम पडते आणि आडवी कापली की सहज तुटते. म्हणजे बॅज उपटायचा नाही, त्याच्या मागची टेप कापायची. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलं की एका बाजूला रंगाचा टवका उडतो आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याला पोचा येतो.

हात लावण्याआधी

पहिली शंका पिनांची. सुट्या अक्षरांना त्या सहसा नसतात, पण कंपनीच्या मोठ्या लोगोच्या मागे अनेकदा दोन पिना असतात आणि त्या पत्र्यातल्या भोकांत बसतात. तोच लोगो सुट्या भागांच्या वेबसाइटवर शोधा आणि मागच्या बाजूचा फोटो बघा, लगेच कळतं. पिना असतील तर लोगो काढल्यावर दोन उघडी भोकं उरणार, पावसात पाणी आत जाणार आणि कडेने गंज धरणार. ती बुजवून रंगवायची तयारी नसेल तर असा लोगो आहे तिथेच राहू द्या. काही गाड्यांत लोगोला कामही असतं. फोक्सवॅगन पोलोच्या डिकीवरचा लोगो हाच डिकी उघडायचा खटका आहे, आणि काही नव्या गाड्यांत पुढच्या लोगोमागे रडार बसवलेला असतो. असल्या लोगोंच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची: त्या भागाला पुन्हा रंग मारलेला आहे का? कंपनीचा रंग भट्टीत साधारण १४० अंशांवर भाजलेला असतो आणि हेअर ड्रायरला दाद देत नाही. गॅरेजमध्ये मारलेला रंग तेवढा पक्का नसतो, खालचा पत्रा नीट घासला नसेल तर टेपबरोबर पापुद्राच निघतो. डिकीच्या रबरावर रंगाचे तुषार, बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा किंवा शेजारच्या पत्र्यापेक्षा खरखरीत पोत दिसला तर रंग नंतरचा आहे असं समजा. अशा ठिकाणी उष्णता कमी आणि वेळ दुप्पट. गाडीवर पीपीएफ (रंगाच्या रक्षणासाठी चिकटवलेली पारदर्शक फिल्म) असेल तर हे काम ती बसवणाऱ्याकडूनच करून घ्या, घरी फिल्मची कड उचलली जाते.

लागणारं सामान

हेअर ड्रायर, मासेमारीचं तंगूस (०.४ ते ०.५ मिमी जाडीचं, दोनेक फूट), जाड हातमोजे, मास्किंग टेप, तीन-चार स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, टार रिमूव्हर (डांबराचे डाग काढायचं द्रावण), बारीक पॉलिश आणि वॅक्स. तंगूस नसेल तर दात साफ करायचा फ्लॉस चालतो, फक्त तो लवकर तुटतो. हीट गन नको: तिची हवा काहीशे अंशांपर्यंत तापते आणि प्लास्टिकच्या बंपरवर रंगाला फोड यायला काही सेकंद पुरतात.

काढताना

आधी तो भाग शाम्पूने धुऊन कोरडा करा. अक्षरांच्या फटींत साचलेली धूळ जुन्या टूथब्रशने काढा, कारण तंगूस पुढेमागे ओढताना हीच धूळ रंगावर घासली जाते आणि ओरखडे उमटतात. बॅज पुन्हा लावायचा असेल तर वरून आणि बाजूने मास्किंग टेपच्या सरळ पट्ट्या लावून फोटो काढून ठेवा. न लावायचा असला तरी भोवती टेप असलेली बरी.

ड्रायर १५ ते २० सेंटीमीटरवर धरा आणि सतत हलवत राहा. एका अक्षराला दीड-दोन मिनिटं पुरतात. पत्रा इतका गरम हवा की बोट टेकवता येतं, पण जास्त वेळ ठेववत नाही. तंगूसची टोकं हातमोज्यांवर गुंडाळा, ते अक्षराच्या वरच्या कडेमागे सरकवा आणि करवतीसारखं पुढेमागे ओढत खाली या. दोरीचा दाब कायम बॅजच्या पाठीवर ठेवायचा, रंगावर नाही. अडलं तर जोर न लावता पुन्हा गरम करा. एकाच ठिकाणी वारंवार अडत असेल तर तिथे पिन आहे, थांबा.

मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी असलेली गाडी निम्मं काम आधीच करून ठेवते. पण पुढची सफाई सावलीत करायची, तापलेल्या पत्र्यावर रसायनं वाळून डाग धरतात.

चिकट काढताना

बॅज निघाला की लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि रंग खराब होतो तो बहुतेकदा यानंतर. मागे उरलेला काळा-करडा फोम पुन्हा कोमट करा आणि अंगठ्याने एका दिशेला रेटत त्याच्या वळ्या करा. कंटाळवाणं आहे, पण यापेक्षा सुरक्षित उपाय नाही. नखाने खरवडू नका, ब्लेड तर लांबच ठेवा.

फोम गेल्यावर उरलेल्या चिकट थरावर टार रिमूव्हरने भिजवलेलं कापड दोन-तीन मिनिटं ठेवा आणि न घासता पुसून घ्या. लागेल तेवढ्या वेळा करा. शेवटी अल्कोहोलने तेलकटपणा काढा. टार रिमूव्हर नसेल तर रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० चालतं, वेळ जास्त लागतो इतकंच. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र कधीही नाही. नंतर मारलेला रंग थिनरने विरघळतो आणि प्लास्टिक पांढरं पडतं. गॅरेजमध्ये पेट्रोलचा बोळा सर्रास फिरवतात, पण ते पेट घेतं आणि ताज्या रंगाला नरमही करतं.

ड्रिलला लावायचं रबरी चाक मोठ्या पट्टीसाठी उपयोगी आहे. वेग कमी ठेवा आणि ते एका जागी थांबवू नका, घर्षणाने रंग जळतो.

मागे राहिलेली सावली

चार-पाच वर्षं जुन्या गाडीवर अक्षरं निघाली तरी त्यांची आकृती दिसत राहते. याची दोन कारणं असतात. कडेने साचलेला मळ आणि बारीक ओरखड्यांनी आलेला फिकटपणा पॉलिशने जातो: फोम पॅडवर वाटाण्याएवढं पॉलिश घ्या, हलक्या हाताने दोन-तीन फेऱ्या मारा आणि पुसून बघा. उन्हाने आजूबाजूचा रंगच उडाला असेल, जे लाल रंगावर विशेष दिसतं, तर फरक कमी होतो, पूर्ण जात नाही. अशा वेळी जाडसर रबिंग कंपाउंड घेऊन भिडू नका. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो, केसापेक्षाही पातळ, आणि एकदा तो गेला की त्या भागाला नव्याने रंग मारण्यावाचून गत्यंतर नाही.

शेवटी वॅक्सचा एक हात. गाडीला सिरॅमिक कोटिंग असेल तर बॅजखालच्या जागेवर ते बहुधा नसतं, तेवढा भाग नंतर करून घ्या. काढलेली अक्षरं फेकू नका. गाडी विकताना घेणारा ती मागू शकतो, आणि मागचा जुना फोम काढून नवी टेप अक्षराच्या आकारात कापली की ती पुन्हा बसतात.