नेट गेलं तरी मॉड्यूलची माहिती हाताशी: पायडॉक कसं वापरावं

नाशकात आमच्या सिडकोत पाऊस सुरू झाला की नेट जातं, हे ठरलेलंच. परवा लासलगावच्या कांदाभावांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) वाचणारी पायथन स्क्रिप्ट लिहीत बसलो होतो. किमान, कमाल, सर्वसाधारण असे भावांचे रकाने. काही ओळींत शेवटचा रकाना मुळात नव्हताच. अशा अपुऱ्या ओळीचं डिक्टरीडर (पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलमधला, ओळी रकान्यांच्या नावांनिशी वाचणारा) काय करतो, ते आठवेना. राउटरचा दिवा लाल.

पायथनसोबत पायडॉक, म्हणजे मॉड्यूलची (तयार कोडच्या फाइलींची) माहिती दाखवणारं साधन, आलेलंच असतं. टर्मिनल उघडा आणि लिहा (इथे देवनागरीत देतोय, टाइप रोमनमध्येच करायचं):

पायथन३ -एम पायडॉक सीएसव्ही.डिक्टरीडर

विंडोजवर 'पायथन३'ऐवजी 'पीवाय'. डिक्टरीडरमधला डी आणि आर कॅपिटल, नाहीतर सापडत नाही. सुरुवातीलाच 'रेस्टव्हॅल=नन' दिसलं, म्हणजे कमी पडलेल्या रकान्यात नन (पायथनचं 'काहीच नाही') भरलं जातं. स्पष्टीकरण त्रोटकच असतं, पण अडलेली गाडी सुटायला तेवढं पुरतं. शिवाय ही माहिती तुमच्या मशीनवर आहे त्याच आवृत्तीची.

पुढचं पान स्पेसबारने, बाहेर क्यू दाबून. लिनक्स-मॅकवर तिरकी रेघ देऊन शब्दही शोधता येतो.

मॉड्यूलचं नावच आठवत नसेल तर 'पायडॉक -के झिप'. मॉड्यूलच्या एका ओळीच्या परिचयात 'झिप' शोधलं जातं. काळ्या पडद्याचा कंटाळा आला तर 'पायडॉक -बी'. ब्राउझर उघडतो, पण पानं तुमच्याच मशीनवरून येतात. दोन्हींच्या आधी 'पायथन३ -एम' हवंच. पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) बसवलेलं मॉड्यूल दिसत नसेल, तर आधी त्याचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ते मॉड्यूल जिथे बसवलंय ती वेगळी जागा) चालू करा.

एक खोड मात्र लक्षात ठेवा. माहिती दाखवण्यासाठी पायडॉक मॉड्यूल इम्पोर्ट करतं, आणि चालू फोल्डर आधी बघतं. मी एकदा स्वतःच्याच स्क्रिप्टला सीएसव्ही.पीवाय नाव दिलं होतं. पायडॉकला विचारलं तर माझीच स्क्रिप्ट धावली! तेव्हापासून पूर्ण मॉड्यूलची माहिती काढली की शेवटचा 'फाइल' हा मथळा आधी बघतो. कुठली फाइल उघडली, त्याचा पत्ता तिथे असतो.

अशीच नेटशिवाय माहिती इतर भाषांतही मिळते: पर्लवाल्यांना 'पर्लडॉक -एफ स्प्लाइस', सीवाल्यांना 'मॅन ३ प्रिंटएफ'. तीन विसरलात तर शेलचं प्रिंटएफ समोर येतं.

माझ्या स्क्रिप्टमध्ये रेस्टव्हॅलला रिकामी स्ट्रिंग दिली आणि तशा ओळी सरासरीतून वगळल्या. शून्य दिलं असतं, तर कांदा फुकटात विकला गेला असता.