मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी कशी घ्यावी

सोलापूर, मंगळवेढा, बार्शीकडची काळी रानं पावसाळाभर मोकळी दिसतात, म्हणून कुणी त्यांना पडीक समजू नये. तिथे तेव्हा पाणी साठत असतं. शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, पुढे पाऊस मिळेलच असं नाही, त्यामुळे खरी कामं पेरणीच्या आधीच उरकावी लागतात.

जुलैच्या सुरुवातीला रानात बंदिस्त वाफे, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेले चौकोन, पाडा. उताराच्या रानात नांगरट आणि कुळवणी उताराला आडवीच करा. तण उगवलं की कुळवाची पाळी घालायची, नाहीतर साठवलेली ओल तेच पिऊन बसतं.

वाण रानाची खोली बघून निवडा. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात मालदांडी ३५-१ किंवा फुले सुचित्रा, भारी रानात फुले वसुधा. शेजाऱ्याचं पीक छान आलं म्हणून त्याचंच बी आणण्यात अर्थ नाही. त्याची माती वेगळी असू शकते.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान. फार आधी पेरलं तर खोडमाशी पोंगे (रोपांचे मधले कोवळे शेंडे) मारते, उशीर केला तर ओल कमी पडते. मूठभर माती दाबून बघा: गोळा झाला, टाकल्यावर फुटला आणि बोटांना चिकटला नाही, म्हणजे वापसा, पेरणीजोगी ओल, आली. एकरी चार किलो बी पुरतं. काणी (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा रोग) येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा. दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) बी आणि खत एकदमच पेरा, ओळी ४५ सेंटीमीटरवर. मध्यम रानात एकरी साधारण ३५ किलो युरिया आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरे. सगळं खत पेरतानाच द्या; नंतर वरची माती वाळते आणि टाकलेलं खत तसंच पडून राहतं.

उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करा, दोन ताटांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवा. उपटायला जिवावर येतं, पण दाट ताटं एकमेकांच्या तोंडचं पाणी पळवतात.

कोळपणीत, म्हणजे ओळींमधली माती हलवण्यात, मात्र कुचराई नको. पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या आठवड्यात. तण जातंच, शिवाय वर भुसभुशीत मातीचा थर राहतो आणि खालची ओल उडत नाही. आठव्या आठवड्याच्या सुमारास काळ्या रानाला भेगा पडू लागतात आणि ओल त्यांतूनच वर निघून जाते. तेव्हा दातेरी कोळपं घाला, म्हणजे माती भेगांत पडून त्या बुजतात. तण नाही म्हणून ही तिसरी पाळी टाळणारे पुष्कळ असतात. फुलोऱ्यानंतर ओल तुटली की ताटं खडखड्याने, म्हणजे खोड पोकळ करणाऱ्या रोगाने, आडवी होतात.

विहिरीत एखाद्या पाण्यापुरता साठा असेल, तर तो पोटरीच्या वेळी, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना, ५०-५५ दिवसांनी द्या.

हुरड्यासाठी कणसं काढायची तर दाणा चिकात असताना. धान्यासाठी दाणा कडक होऊन बुडाशी काळा ठिपका दिसू द्या. मग काढणी करा, कणसं खुडून वाळवा आणि कडबा पेंढ्या बांधून गंजीला लावा.