हृदयधमन्यांचं हायपरपोलराइज्ड एमआरआय: सिग्नल कुठे सांडतो? या चुका टाळा

हायपरपोलराइज्ड (म्हणजे चुंबकन कृत्रिमरीत्या खूप वाढवलेल्या) कार्बन-१३चा सिग्नल बाहेरून भरून आणलेला असतो. नेहमीच्या एमआरआयमधलं प्रोटॉनचं चुंबकन प्रत्येक रेडिओ पल्सनंतर पुन्हा सावरतं. इथे सांडलं ते सांडलं. चित्र काळं आलं की स्कॅनरवर खापर फोडण्याआधी पल्स आणि घड्याळ तपासा.

सर्वांत महागात पडते ती फ्लिप अँगलची, म्हणजे पल्स चुंबकन किती अंशांनी वळवते त्या कोनाची चूक. साध्या ग्रेडियंट-एको चित्रण पद्धतीत सवयीने ३०° ठेवले, तर दहा पल्समध्ये चुंबकन २४ टक्क्यांवर येतं आणि वीस पल्समध्ये ६ टक्क्यांच्याही खाली. १०° ठेवले तर शंभर पल्सनंतरही सुमारे २२ टक्के हाताशी राहतं. पल्सची संख्या आधीच ठरलेली असेल तर कोन चढता ठेवा: १६ पल्ससाठी पहिला १४.५°, शेवटचा ९०°. काळाची गळती सोडली, तर प्रत्येक पल्सला सारखाच सिग्नल मिळतो. हे गणित कॅलिब्रेशन (पल्सचा कोन आणि वारंवारता आधी जुळवून घेणं) चुकलं की कोसळतं, आणि त्यासाठी डोस खर्चणं म्हणजे उधळपट्टीच. शरीरातला नैसर्गिक कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्के, त्यावर भिस्त नको. छातीलगत कार्बन-१३ युरियाचा फँटम (चाचणीची कुपी) ठेवून ३ टेस्लावर ३२.१ मेगाहर्ट्झच्या आसपास ट्यूनिंग करा.

पायरुवेट म्हणजे इंजेक्शनने द्यायचं कार्बन-१३चं नेहमीचं संयुग. त्याचा टी-१, म्हणजे चुंबकन किती वेगाने गळतं ते सांगणारा काळ, द्रावणात साधारण ६० सेकंद. विरघळवल्यापासून इंजेक्शनपर्यंत मिनिट गेलं की ३७ टक्केच उरतं, रक्तात तर गळती आणखी वेगाने. सलाइनची सुई, ईसीजी ट्रिगर, श्वास रोखण्याचा सराव हे सगळं आधीच उरकून घ्या. घाईत पीएच तपासणी मात्र गाळायची नाही. मूळ नमुना आम्ल असतो, न्यूट्रल झाल्याची खात्री हवीच.

पायरुवेटने धमनीतला अडथळा शोधायला जाऊ नका. ते चयापचय दाखवतं: लॅक्टेट, बायकार्बोनेट. टोरांटोत २०१६ साली माणसाच्या हृदयाचं चित्रण झालं तेही याचसाठी. कोरोनरीचं, म्हणजे हृदयधमन्यांचं, चित्र २००६ मध्ये डुकरांवर मिळालं, ते वेगळ्या, ड्यूटेरियमयुक्त सायक्लोप्रोपेन संयुगाने. शिवाय कॅथेटरने थेट धमनीत सोडून. हाताच्या शिरेतून दिलेलं द्रव्य उजवं हृदय, फुप्फुसं, डावं हृदय असा फेरा मारून कोरोनरीत पोचेपर्यंत पातळ होतं. ३-४ मिलिमीटरच्या नळीसाठी तेवढं पुरत नाही.

त्यातून कार्बन-१३ची जायरोमॅग्नेटिक गुणोत्तर (चुंबकीय क्षेत्राला अणुकेंद्राचा प्रतिसाद) प्रोटॉनच्या चौथाई. तेवढ्याच रिझोल्यूशनला ग्रेडियंटचं क्षेत्रफळ (ताकद गुणिले वेळ) चौपट लागतं. आणि गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचा स्कॅन ठरला असेल, तर तो सगळ्यात शेवटी. रक्तात गॅडोलिनियम आधीच असलं तर कार्बन-१३चा टी-१ आखूड होतो.