इतिवृत्तातले 'त्यांनी' म्हणजे नेमके कोण?

"अध्यक्षांनी सचिवांना सांगितले की त्यांनी धनादेशावर सही केलेली नाही." सांगली जिल्ह्यातील एखाद्या विकास सोसायटीच्या इतिवृत्तात असे वाक्य सहज लिहिले जाते आणि सही नेमकी कोणाची राहिली, यावर पुढच्या सभेत वाद रंगतो. एरवी मराठीत लिंगभेदाचा मोठा आधार असतो. "विजयने सुनीताला तिचे पासबुक दिले" या वाक्यात शंकेला जागाच उरत नाही. मात्र आदरार्थी बहुवचन आले की 'त्याने', 'तिने' आणि अनेकांचे 'त्यांनी' ही तिन्ही रूपे एकच होतात. अध्यक्ष महिला असतील, तर "त्या बँकेत गेल्या नाहीत" अशी प्रथमेतील रचना करून हा आधार परत मिळवता येतो. दोघेही पुरुष असतील, तर सरळ पदनाम पुन्हा लिहावे: "सचिवांची सही धनादेशावर झालेली नाही, असे अध्यक्षांनी सचिवांना सांगितले." द्विरुक्ती कानाला खटकते हे खरे, पण इतिवृत्त काही ललित लेख नव्हे.

'आपला' आणि 'त्याचा' यांतील निवड अधिक नाजूक आहे. तासगावच्या बेदाणा सौद्यातले उदाहरण घ्या. "अडत्याने शेतकऱ्याला आपली वही दाखवली" म्हटले की वही अडत्याची. "त्याची वही" म्हटले की बहुधा शेतकऱ्याची, कारण साध्या वाक्यात 'आपला' कर्त्याकडे वळतो. वाक्यात दुसरी क्रिया शिरली की ही खात्री संपते. "अडत्याने शेतकऱ्याला आपल्या गाडीतून माल आणायला सांगितले" यातली गाडी दोघांपैकी कोणाचीही असू शकते, आणि भाड्याचा प्रश्न तिथेच उपस्थित होतो. अशा ठिकाणी 'स्वतःच्या' लिहूनही गुंता सुटत नाही. "अडत्याच्या गाडीतून" असेच लिहावे. अर्जात तर 'आपला' म्हणजे 'तुमचा' असाही अर्थ होतो, म्हणून "आपल्या खात्यावर" ऐवजी "माझ्या खात्यावर" किंवा "संस्थेच्या खात्यावर" लिहिलेले बरे.

'हा' आणि 'तो' यांच्या जोडीवर लेखनात फारसे विसंबू नये. बोलताना हाताने दाखवता येते, कागदावर येत नाही.

मसुदा तपासताना प्रत्येक सर्वनामाच्या जागी आधी आलेली नामे एकेक करून ठेवून पाहावीत. दोन नामांनी वाक्य सारखेच अर्थपूर्ण राहत असेल, तर तिथले सर्वनाम काढून योग्य ते नाम लिहावे.