केमो चालू असताना वजन आणि जेवण : या चुका टाळा

"केमो म्हटलं की वजन उतरणारच." घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य पेशंटचं मोठं नुकसान करतं. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं, तर डॉक्टर त्याकडे कॅशेक्सियाची, म्हणजे आजारामुळे वजन आणि स्नायू झडत जाण्याची, खूण म्हणून बघतात. 60 किलोच्या माणसात हे जेमतेम 3 किलो होतात. म्हणून दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि फाइलमध्ये लिहा.

पण नुसत्या काट्यावर विसंबणंही चूकच. पायाला सूज असेल, पोटात पाणी झालं असेल, तर आकडा तेवढाच राहतो आणि आतून स्नायू झडत जातात. अंगाने भरलेल्या पेशंटमध्ये तर हे कुणाच्या लक्षातच येत नाही. बहुतेक केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात. त्यामुळे सारख्या उंची-वजनाच्या दोघांना डोस सारखाच मिळतो, एकाचे स्नायू कितीही कमी असोत. 5-एफयू आणि कॅपेसिटाबिनसारख्या केमोच्या औषधांत, स्नायू कमी असलेल्यांना त्रास जास्त होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. मग डोस घटवावा लागतो, केमोची पुढची फेरी (सायकल) पुढे ढकलली जाते. खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही, बरणीचं झाकण उघडत नाही, अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना सांगा. पोटाचा सीटी स्कॅन झालेला असेल तर त्यावरूनही स्नायूंचा अंदाज घेता येतो; तसं जरूर विचारा. आणि "पडून राहा, आराम करा" हा प्रेमाचा आग्रह आवरा. झेपेल तेवढं घरातल्या घरात चाललंच पाहिजे.

"हलकं" म्हणून पेज, साबुदाण्याची खीर, नारळपाणी, फळांचा रस एवढ्यावरच पेशंटला ठेवतात. यात प्रथिनं नावालाच असतात. दिवसाला किलोमागे 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीला 50 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, पेलाभर दुधातही साधारण तेवढीच. पेजच द्यायची तर तिच्यात मुगाची डाळ शिजवा, दूध पावडर घाला. साखरेने कॅन्सर वाढतो या भीतीपोटी भात, दूध, फळं सगळंच तोडणं मला फार घातक वाटतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर मात्र प्रमाण आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या.

उलटी थांबवणारी गोळी उलटी झाल्यावर शोधू नका, सांगितलेल्या वेळी द्या, टाळू नका. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरून बघा. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट बंद. मऊ वरणभात, दही, कोमट मीठ-सोड्याच्या गुळण्या. ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर फ्रिजमधलं काहीही नको, घशात आणि बोटांत मुंग्या येतात. ताप 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर स्वतःच पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये नाकातून नळी घालायची म्हटली की घरचे हादरतात, शेवट आला असं समजतात. गिळता येत नसताना पोटात अन्न जावं एवढ्यासाठीच ती असते आणि गिळता येऊ लागलं की काढतात. फक्त नळीतून वरणाचं गाळलेलं पाणी देत राहू नका. काय, किती आणि किती वेळा द्यायचं ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.